नदीपर्यंतची गोष्ट

मामांना झटका आला आणि उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. डोंगरातल्या त्यांच्या वस्तीवर गोष्ट सांगावी ती मामांनीच. भाचा त्यांना उपचारासाठी शहरात घेऊन आला. तो तिथे लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दवाखान्याच्या अर्जावर ‘मातृभाषा’ या रकान्यात त्याने शहराची भाषा लिहिली. बारा वर्षं तो हेच लिहीत आला होता. सोबतचे कारागीर डोंगरातल्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करून हसायचे, आणि हाही हसायचा.

तीन आठवडे वाचा-उपचाराच्या बाई मामांसमोर चित्रं धरत होत्या. घर. मासा. चंद्र. मामा भिंतीकडे बघत बसायचे.

एका मंगळवारी अस्वलाचं चित्र पाहून मामा काहीतरी पुटपुटले.

“निरर्थक आवाज,” म्हणत बाईंनी नोंद केली.

भाचा पुढे झाला. “निरर्थक नाही, बाई. ते म्हणतायत, आजी आली.”

“आजी? अहो, अस्वल आहे हे.”

“आमच्यात अस्वलाला आजीच म्हणतात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे यांची भाषाच वेगळी आहे? आणि हे तुम्ही आज सांगताय?”

“चुकलं माझं. लाज वाटायची.”

बाई रागावल्या, पण चित्र त्यांनी हलवलं नाही. मामा भाच्याकडे टक लावून बघत होते.

“आता का थांबले?” बाईंनी विचारलं.

“गोष्ट सुरू केलीय त्यांनी, हुंकार हवाय. ऐकणाऱ्याने हुंकार दिल्याशिवाय आमची गोष्ट पुढे सरकत नाही.”

“मग द्या की!”

भाच्याने हुंकार दिला. मामांनी अडखळत पुढचा शब्द काढला, मग आणखी एक. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावू लागली. भाच्याची कानशिलं तापली, तरी तो प्रत्येक शब्दाचा अर्थ बाईंना मोठ्याने सांगत राहिला.

दोन महिन्यांत मामा अस्वलआजीला घेऊन नदीपर्यंत पोहोचले. त्यापुढचं त्यांना जमेना. भाच्याला ते ठाऊकच नव्हतं. लहानपणी नदी येईतो त्याचा डोळा लागलेला असायचा.

रजा काढून तो मामांना घरी सोडायला गेला. नदीपुढचं मामीने सांगितलं. मावशी म्हणाली, साफ चूक, आजी नदी ओलांडतच नाही. दोघी हमरीतुमरीवर आल्या. मामा दोघींनाही “नाही, नाही” म्हणत डावा हात हलवत होते. खरं काय, ते त्यांना सांगता येईना.

भाच्याने दोन्ही शेवट लिहून घेतले.