उत्तर दरवाज्यामागचा बाक

सहलीचं ठरवायला बसलं की या घरात तीन माणसांची पाच मतं पडत, आणि सहावं फोनवरून नणंदेचं येई. गेली चार वर्षं हेच चाललं होतं. दोन नद्यांमधला तो डोंगराळ मुलुख, टेकडीवरचा जुना किल्ला, खाली दगडी पुलाचं गाव. जायचं जायचं म्हणत दर वर्षी नवऱ्याची रजा, नणंदेच्या मुलांच्या परीक्षा, नाहीतर सासऱ्यांचे गुडघे आडवे यायचे.

या वर्षी डॉक्टरांनीच निकाल लावला. सासऱ्यांचे गुडघे दाबून बघत ते म्हणाले, "चढायचं असेल तर याच वर्षी चढा. हळूहळू, काठी घेऊन. आणि वर पोचलात की अर्धा तास बसायचं, मगच उतरायचं. जमिनीवर किंवा पायरीवर बसायचं नाही हं. खाली बसलात तर तुम्हाला उठवायला चार माणसं लागतील."

"बसायला बाक आहे ना वर," सासरे म्हणाले. "आमच्या सूनबाईनेच लिहिलंय."

डॉक्टरांनी सुनेकडे कौतुकाने पाहिलं. सुनेने खिडकीकडे पाहिलं. कारण वर बाक आहे की नाही, हे तिला काडीचंही माहीत नव्हतं.

ती एका छापखान्यात पानं लावायची. लग्नाच्या निमंत्रणांपासून पाणीपुरवठ्याच्या नोटिशींपर्यंत सगळं तिच्या हाताखालून जाई, आणि वर्षातून एकदा पर्यटन कचेरीची सोळा पानी पुस्तिका येई. अकरा वर्षांपूर्वी, ती नवीन असताना, त्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर तळाशी दोन ओळींची जागा उरली. मालकांना मोकळी जागा दिसली की त्यांचं पित्त खवळायचं. कचेरीतला साहेब फोन उचलेना, यंत्र थांबलेलं, मालक मागे उभे. तिने चहाचा कप बाजूला ठेवला आणि दोन ओळी ठोकून दिल्या : 'उत्तर दरवाज्यामागे एक दगडी बाक आहे. तिथे निवांत बसले की दोन्ही नद्या एका नजरेत मावतात.' किल्ला तिने फोटोतसुद्धा धड पाहिला नव्हता. तिला वाटलं, कचेरीवाले प्रूफ तपासतील तेव्हा काढतील. कचेरीवाल्यांना वाटलं, छापलंय म्हणजे आपणच दिलं असेल. पुढच्या वर्षी तीच पुस्तिका परत आली, वर शेरा : 'पूर्वीप्रमाणेच'. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. अकरा वर्षांत फोन नंबर तीनदा बदलले, बाक मात्र जागचा हलला नाही.

हे सगळं कधीच विसरून जाता आलं असतं, पण सासरे पडले सुतार. हात थकल्यावर त्यांनी हत्यारं बांधून ठेवली होती, तरी कुठेही गेले की खुर्ची आधी उलटी करून सांधे बघायचे आणि मग बसायचे. प्लॅस्टिकच्या खुर्चीला ते बादली म्हणत. अशा माणसाला अख्ख्या पुस्तिकेतून आवडला तो बाक. नववं पान त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं, आणि आल्यागेल्याला दाखवत.

"बाकीचं काय, कोणीही लिहील," ते म्हणत. "अमक्या राजाने बांधला, तमक्याने पाडला. पण ही ओळ बघा. ही ओळ तिथे बसलेल्या माणसानेच लिहिलेली आहे. आमची सून उगाच काही लिहायची नाही."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हाच तिने खरं सांगून टाकायला हवं होतं. पण समोर पाहुणे होते. नंतर वाटलं, कौतुक चाललंय तर चालू दे, कुठे कोण किल्ल्यावर जातंय? आता ते दुखणं स्वतःच्या हाताने घरात आणल्यासारखं झालं होतं.

रविवारी सकाळी बैठक बसली. नवऱ्याने टेबलावर फोन, वही आणि रंगीत पेनं मांडली. त्याला एक हॉटेल निवडायला सांगितलं तर तो चाळीस हॉटेलांबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचायचा आणि शेवटी म्हणायचा, "सगळीकडेच काहीतरी आहे." आजही तेच.

"इथे गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. इथे लिफ्ट नाही. इथे एक माणूस लिहितो, उशा कडक होत्या."

"आपण उशा बघायला चाललोय का?" ती म्हणाली.

"बाबांची मान धरली म्हणजे?"

इतक्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, पोहायचा तलाव असलेलं बघा हं. मुलांना किल्ला-बिल्ला काही नको. आणि आम्ही शुक्रवारी नाही, शनिवारी येऊ. नाहीतर असं करा ना, सगळं एक आठवडा पुढेच ढकला."

नवऱ्याने वहीतली तिसरी चौकट खोडली. आणि त्या गोंधळातून सासऱ्यांचा शांत आवाज आला, "सूनबाई, बाक किती उंच आहे गं?"

"अं?"

"म्हणजे गुडघा किती वाकवावा लागेल, त्याचा अंदाज घेतो."

"अठरा इंच," तिच्या तोंडून निघून गेलं.

"व्वा. बरोबर माप आहे. पाठ आहे का टेकायला?"

"आहे."

"दगडाला पाठ? कारागीर भला माणूस असणार."

एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. त्याच दिवसापासून सासऱ्यांनी सराव सुरू केला. किल्ल्याच्या पायऱ्या तीनशे दहा, हे पुस्तिकेत होतं आणि खरं होतं. इमारतीचे तीन मजले चढून-उतरून ते रोज थोड्या थोड्या वाढवत होते. शेवटी घामाघूम होऊन घरात येत आणि अठरा इंच उंचीचं एक जुनं स्टूल होतं, त्यावर बसत. डोळे मिटून म्हणत, "आता समोर दोन्ही नद्या." तिला तिथे उभं राहवत नसे.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, तिने शेवटचा प्रयत्न केला. "मी काय म्हणते, किल्ला राहू दे या वेळी. तळ्याकाठी जाऊ. सपाट आहे, बाबांना त्रास नाही, मुलांना पाणी आहे."

घरात जणू बॉम्ब पडला. नवऱ्याने पेनं खाली ठेवली. "तीन आठवडे डोकं फोडून मी रस्ता ठरवला. खोल्या मिळाल्या. ताईला शनिवारचं पटवलं. आणि तू आता तळं काढतेस?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "खरं सांग, तुला बाबांना न्यायचंच नाहीये का?"

ते वाक्य तिला फार लागलं. घरातलं कोणीच जितकं धडपडत नव्हतं तितकी ती सासऱ्यांचे वर हाल होऊ नयेत म्हणून धडपडत होती, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. भांडी घासताना तिने एक कप फोडला. दुसरा फुटला नाही याचाच तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने छापखान्यातूनच किल्ल्यावर फोन लावला. नंबर पुस्तिकेत होताच. समोर या वर्षीची प्रत पडली होती, वर नेहमीचा शेरा. महिनाअखेर ती छापायची होती.

"उत्तर दरवाज्यामागे तो बाक आहे ना..." तिने सुरुवात केली.

"नाही," रखवालदार म्हणाला. "नाही आणि कधी नव्हता. या आठवड्यात विचारणाऱ्या तुम्ही चौथ्या. लोक धापा टाकत वर येतात आणि माझ्या अंगावर येतात. बाक कुठे ठेवला म्हणे! मी काय घरी नेलाय?"

"मग एखादा बसवून का नाही घेत?"

"चार वेळा अर्ज केला बाई. साहेब पुस्तिका उघडून दाखवतात. पान नऊ. छापलंय म्हणजे आहे. असलेल्या बाकाच्या जागी बाक कसा मंजूर करायचा, असं विचारतात मला! गेल्या वर्षी एक आजोबा पायरीवर टेकले ते दोन तास उठू शकले नाहीत. ज्या गाढवाने हे लिहिलंय ना, ते एकदा मला भेटायला पाहिजे."

आत्तापर्यंत तिला वाटत होतं की आपण फक्त एक बाक खोटा लिहिला. आपल्या दोन ओळींमुळे खरा बाक अडून बसला असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"ते मीच लिहिलंय," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"जागा उरली होती. दोन ओळींची." बोलताना तिलाच ते कसंतरी वाटलं. "नद्या तरी दिसतात का हो तिथून?"

"नद्या दिसतात. दोन्ही दिसतात. तेवढं बरोबर आलंय तुमचं, कसं कोण जाणे." आणि त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी सासरे टेबलाशी बसून काठीच्या टोकाला नवं रबर लावत होते. नवरा अजून यायचा होता. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने सगळं सांगितलं. अकरा वर्षं, दोन ओळी, अठरा इंच, तो अडकलेला अर्ज. काहीही वगळलं नाही.

ते रागावतील, ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे तू तिथे बसलीच नाहीस कधी?"

"नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी काच उचलली, पान बाहेर काढलं, घडी करून खिशात घातलं आणि आतल्या खोलीत निघून गेले. टेबलावर त्या पानाच्या आकाराचा एक उजळ चौकोन राहिला.

दुसऱ्या दिवशी ते जिने चढले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याला कळलं तेव्हा तो वही मिटून म्हणाला, "उत्तम! आता खोल्या रद्द करतो. ताईला तू सांग." नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, अहो एक ओळ लिहायची तर बघून नाही का लिहायची?" तिचंही तेच म्हणणं होतं. पण उशांवरून तीन आठवडे घोळ घालणाऱ्यांकडून ते ऐकून घेताना तिचा नुसता जळफळाट झाला.

चौथ्या दिवशी ती कामावरून आली तर आतल्या खोलीतून रंधा मारल्याचा आवाज येत होता. दार उघडलं तर जमिनीवर भुश्शाचा सडा. माळ्यावरचा जुना पलंग शेजारच्या मुलांकडून खाली उतरवून घेऊन सासऱ्यांनी त्याचे तुकडे केले होते. हत्यारांची पिशवी उघडी पडली होती.

"अठरा इंच म्हणालीस ना?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"ते मी मनानेच सांगितलं होतं, बाबा."

"माप चुकीचं नाही. पाठ पण करू. इथे धर. माझा हात हलतो."

तिने फळी धरली. त्यांचा हात खरोखरच हलत होता. करवत दोनदा रेषेबाहेर गेली, तेव्हा त्यांनी स्वतःलाच एक कचकचीत शिवी दिली आणि ती फळी फेकून दुसरी घेतली. आठ दिवस हेच चाललं. ती कामावरून यायची, पर्स टाकायची आणि फळी धरायची. ते फारसं बोलत नसत. बाकाचे पाय चुकले, सांधा सैल बसला की मात्र घर डोक्यावर घेत. सगळे तुकडे सुटे होतील आणि वर नेऊन लाकडी खुंट्यांनी पुन्हा जोडता येतील, अशी त्यांची रचना होती. लोखंडाचा एक खिळा नाही.

खोल्या अजून रद्द व्हायच्या होत्या, पण नवऱ्याचा संताप संताप झाला. "लोक सहलीला छत्री नेतात, बाबा! बाक नेतात का? गाडीत बॅगा कुठे ठेवायच्या? आणि तो वर नेणार कोण?"

"तू," सासरे म्हणाले.

रखवालदाराला तिने पुन्हा फोन केला. तो आधी पाच मिनिटं करवादला, परवानगी नाही, नियम नाही, साहेब काय म्हणतील. मग मध्येच थांबला. "साहेब काय म्हणणार? त्यांच्या कागदावर तो आहेच," तो म्हणाला. "आणा. खालून वर न्यायला मी येतो."

छापायची मुदत दोन दिवसांवर आली होती तेव्हा शेवटची खुंटी बसली. सासरे भिंतीला टेकून उभे राहिले. खिशातून त्यांनी नवव्या पानाची घडी काढून बाकावर ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"बाबा, आधी तुम्ही."

"मी नाही. तू लिहिलंयस, तू बस. नीट टेकून."

ती बसली. समोर नद्या नव्हत्या. ओल आलेली भिंत आणि कोपऱ्यात भुश्शाचा ढीग होता. बाहेर नवरा फोनवर बहिणीला सांगत होता, की तिच्या मुलांच्या पोहण्याच्या टायरला गाडीत आता तसूभर जागा नाही. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी बाकाची पाठ धरली आणि होती नव्हती ती ताकद लावून हलवून पाहिली.

"हलतो का?"

"नाही, बाबा."

"मग आता लिही."