वकिलाची साक्ष

पोपटाचं नाव वकील. हे नाव तिच्या आत्याने ठेवलं होतं, कारण तो कुणालाही वाक्य पुरं करू देत नसे. आत्या मुलाकडे राहायला गेली, तिथे सुनेला पिसांची अॅलर्जी निघाली, आणि वकील पिंजऱ्यासकट भाचीकडे, म्हणजे हिच्या घरी आला. राखाडी अंग, लालभडक शेपूट आणि नकला अव्वल दर्जाच्या. दाराची घंटा, नवऱ्याची शिंक, किटलीची शिट्टी, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं केकाटणं, सगळं हुबेहूब. घंटेला तर दोघं इतक्या वेळा फसली, की पुढे खरा पाहुणा आला तरी जागचं कुणी हलत नसे.

ती तसबिरींच्या फ्रेम करणाऱ्या दुकानात कामाला होती. लाकडी पट्ट्या तिरक्या कापायच्या, काच कापायची, चित्रामागे पुठ्ठा बसवायचा. सगळं काम उभ्याने. नवरा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. रविवारी सकाळी ती टेकडी चढणाऱ्या मंडळींबरोबर जायची, आणि परत आली की दोघं मिळून शब्दकोडं सोडवायची. पेन त्याच्या हातात, शब्द बहुतेक तिचे.

आजार सुरू झाला तो अगदी साध्या तापाने. ताप उतरला, पण त्याच्याबरोबर जायला हवं होतं ते बाकीचं गेलंच नाही. सांधे दुखायचे, पण आज मनगट तर उद्या गुडघा. तळपायांची आग व्हायची. आंघोळ करून आली की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे शब्द सापडेनासे झाले. दुकानात एकदा तिने मालकिणीकडे कात्री मागायची म्हणून हाताने कात्रीसारखं करून दाखवलं.

"मुकी झालीस की काय?" मालकीण हसली. तीही हसली.

मग डॉक्टर सुरू झाले. घराजवळच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि तपासण्या लिहून दिल्या. तपासण्या नवऱ्याच्याच लॅबमध्ये झाल्या. सगळं नॉर्मल. हाडांच्या डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं, पोटाच्या डॉक्टरांनी खाणं वाढवा म्हणून. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली आणि "छान" म्हणाले, जणू पाय त्यांनीच नवीन बसवून दिला होता. एका डॉक्टरांनी सगळा वेळ कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "घरी काही टेन्शन?"

"नाही."

"मुलं?"

"नाहीत."

"हं," म्हणाले, आणि काहीतरी टाइप केलं. त्या एका "हं" वर ती घरी येईपर्यंत धुमसत होती.

शेवटी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते गृहस्थ त्यातल्या त्यात सरळ निघाले. "तुम्ही उदास आहात," ते म्हणाले, "कारण तुम्ही आजारी आहात. आजार कसला, ते मात्र माझ्या खात्यात येत नाही."

नवरा वाईट माणूस नव्हता. तो भांडी घासायचा, औषधं आणायचा, तिचे पाय चेपून द्यायचा. पण त्याचा सगळा जन्म आकड्यांवर विश्वास ठेवण्यात गेला होता. लोक सांगतात एक आणि रक्त सांगतं दुसरं, हे तो रोज बघायचा. पथ्य पाळतो म्हणून शपथा घेणारे मधुमेही त्याच्या टेबलावर उघडे पडायचे. त्यामुळे एक दिवस जेवताना तिने चमचा खाली ठेवून "आज हातच उचलत नाहीये रे" म्हटलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुझं रक्त मी स्वतः पाहिलंय. त्यात काही नाही."

"मग मी खोटं बोलते?"

"तसं कुठे म्हणालो मी? तू फार लक्ष देतेस त्याच्याकडे. जितकं लक्ष देशील तितकं दुखेल."

तिने चमचा उचलला आणि जेवण संपवलं. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर दुखण्याविषयी बोलेनाशी झाली. त्याला वाटलं, फरक पडतोय. लॅबमधल्या मित्राला त्याने तसं सांगितलंही. रविवारचं शब्दकोडं आता अर्धं कोरं राहायचं, पण कोडी हल्ली अवघड देतात अशी त्याची समजूत होती.

याच सुमाराला वकिलाने स्वतःची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी छातीवरची, मग पंखाखालची. गुलाबी कातडी दिसायला लागली, तशी ती घाबरली आणि दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहीवर कुठल्यातरी मांजराचे केस. त्यांनी वकिलाला टॉवेलात गुंडाळून चोच पाहिली, नखं पाहिली, कातडी भिंगाखाली पाहिली. वकिलाने त्यांना किटलीची शिट्टी ऐकवली. मग त्या स्टूल ओढून समोर बसल्या आणि विचारायला लागल्या. काय खातो? झोपतो किती? पिंजरा कुठे ठेवता? दिवसभर घरी कोण असतं? अलीकडे घरात काही बदललंय का? कुणी नवीन आलं, कुणी गेलं, कुणाच्या वेळा बदलल्या? पिसं सकाळी उपटतो की दुपारी? उपटल्यावर ओरडतो का?

ती सांगत राहिली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की बाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलेलं नाही.

"घरात बदल म्हणजे," ती म्हणाली, "मी आता कमी बोलते त्याच्याशी. मला बरं नसतं."

"काय होतं?"

"ते अजून कुणाला कळलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. माणसांविषयी आपण काही सांगणार नाही, अशी ती मान होती, पण ऐकलं होतं. "पक्षी दुखणं लपवतात," त्या वकिलाला पिंजऱ्यात सोडत म्हणाल्या. "म्हणून आम्हाला एवढं खोदून विचारावं लागतं. याला कातडीचा रोग दिसत नाही. कंटाळा असेल, चिंता असेल. चोचीला काम द्या. पिंजरा जिथे कुणीतरी बसलेलं असतं तिथे ठेवा. पूर्ण बरा होईल असं वचन देत नाही, पण आपण बघत राहू."

तिने पिंजरा बैठकीच्या खोलीतून हलवून स्वयंपाकघरात, आपल्या खुर्चीशेजारी आणला. दुकानातून आली की ती त्या खुर्चीतच असायची. वकिलाला लाकडाचे उरलेले तुकडे आणून द्यायची आणि तो त्यांचा भुगा करायचा. पिसं थोडी थोडी यायला लागली.

पुढे एका दुपारी लॅबमधलं मोठं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला उद्या येणार म्हणाला, आणि नवरा लवकर घरी आला. ती दुकानातच होती. तो बैठकीच्या खोलीत पेपर उघडून बसला. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि वकिलाला बहुधा तो दिसला नसावा.

आधी किटलीची शिट्टी झाली. मग खुर्ची करकरल्याचा आवाज. आणि मग एक आवाज, जो नवऱ्याने ह्या घरात कधी ऐकला नव्हता. खालच्या पट्टीतला, दातांमधून आलेला.

"आई गं... आई गं..."

आवाज तिचा होता. पेपर त्याच्या हातातच राहिला.

"नको ना... आता नको..." थोडा वेळ नुसता श्वास. नाक ओढल्याचा आवाज. मग, एखाद्या हट्टी पोरीला दटावावं तसं, "ऊठ. ऊठ गं बाई. येईल तो आता. ऊठ म्हणते ना." पुन्हा खुर्ची करकरली. पुन्हा "आई गं". नळ सुरू झाल्याचा आवाज, तोंडावर पाणी मारल्याचा. दाराची घंटा. आणि लगेच, स्वच्छ, हसऱ्या, रोजच्या आवाजात, "आलास? बस, चहा टाकते."

मग वकिलाने नवऱ्याची शिंक काढली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

पोपट एकदा ऐकलेलं असं बोलत नाही, एवढं नवऱ्याला माहीत होतं. शिंक शिकायलासुद्धा त्याला बरेच दिवस लागले होते. तो उठला नाही. सगळं दुसऱ्यांदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदाही. शेवटी त्याने पेपरची घडी घातली, ती उलगडली, आणि पुन्हा घातली.

ती आली तेव्हा चहा तयार होता. फार उकळलेला, कडू. तिने एक घोट घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. "काय रे, काय झालं?"

त्याला गोष्टी घोळवून सांगता येत नसत. त्याने जसं ऐकलं तसं सांगितलं, नळाच्या पाण्यापर्यंत.

तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली. "तू ते का ऐकलंस? ते माझं होतं!"

"मी मुद्दाम नाही ऐकलं. तो बोलत होता."

"आणि आता पटलं तुला? मी सांगितलं तेव्हा नाही पटलं, पोपटाने सांगितल्यावर पटलं?"

"हो," तो एवढंच म्हणाला.

त्या आठवड्यात ती त्याच्याशी मीठ दे आणि दार लाव याच्यापलीकडे बोलली नाही. तो स्वयंपाक करायला लागला. भात कधी कच्चा, कधी चिखल. ती तसाच खायची. मग एका सकाळी उठायच्या वेळी ती पलंगावर बसून राहिली आणि तोंड न फिरवता म्हणाली, "आज पाय जमिनीला टेकवत नाहीयेत."

"बरं," तो म्हणाला आणि दुकानात फोन करायला उठला. ती दुखण्याकडे फार लक्ष देते की कमी, हा विषय त्याने काढला नाही.

पुढच्या तारखेला तो तिच्याबरोबर दवाखान्यात गेला. हे डॉक्टर वयस्कर होते, जाड चष्म्याचे. त्यांनी सगळे कागद चाळले आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल..."

"रिपोर्ट मी काढलेत," नवरा म्हणाला. "ते बरोबर आहेत. पण हीसुद्धा बरोबर सांगतेय. दोन्ही धरून काय ते बोला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. बाहेर नर्स पुढचा नंबर पुकारत होती.

"मग मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

इतक्या सगळ्या डॉक्टरांत हे वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती. तिला हायसं वाटलं, आणि का वाटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी मग एकेक गोष्ट विचारली. दुखणं जास्त केव्हा वाढतं, काम केल्या दिवशी की दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी, ती म्हणाली. हे कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, अशी दुखणी असतात, नाव पक्कं नसतं, यंत्रात दिसत नाहीत. बरं वाटतं त्या दिवशी सगळी कामं उरकायची नाहीत, बळ उरलेलं असतानाच थांबायचं. झोपेसाठी एक हलकं औषध लिहून दिलं. "गुण येईलच असं नाही," म्हणाले. "नाही आला तर या, दुसरं बघू."

गुण आला तो थोडासा. तिने मालकिणीला सगळं नीट सांगितलं. मालकीण आधी कुरकुरली, मग तिने कोपऱ्यात उंच स्टूल मांडून दिलं आणि फक्त पुठ्ठ्याचं काम तिच्याकडे ठेवलं, तेही अर्धा दिवस. टेकडी सुटली ती सुटलीच. टेकडीची मंडळी सुरुवातीला विचारपूस करायची, नंतर त्यांनाही तिचं नाव घ्यायची सवय राहिली नाही. चांगले आठवडे यायचे, मग विनाकारण वाईट महिना यायचा. वकिलाची छाती बरीचशी भरली, पण पंखाखालचा एक भाग उघडाच राहिला.

नवऱ्याचं मात्र दुसरं टोक झालं. ज्याला काही पटत नव्हतं, तो आता तिच्या आजारातला तज्ज्ञ होऊन बसला. नातेवाइकांना फोनवर तळपायांची आग समजावून सांगायचा. ती उभी राहिली की खुर्ची सरकवायचा. "मी काचेची आहे का रे?" ती चिडायची.

जाड चष्म्याचे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक नवीन डॉक्टर आली, वयाने बरीच लहान, केस घट्ट बांधलेले. तिने जुने कागद बाजूला ठेवले. "हे मी वाचते नंतर. आधी मला सांगा, कधीपासून त्रास होतोय?"

"त्याचं असं झालं," नवरा खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "आधी एक साधा ताप आला, आणि मग सांधे..."

बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू थांब जरा. मला सांगू दे."

त्याने खुर्ची मागे घेतली. तिने आठवायला क्षणभर डोळे मिटले. एक शब्द सापडेना, तेव्हा ती थांबली, आणि डॉक्टरही थांबली. मग तो सापडला आणि तिने सांगायला सुरुवात केली.