सरळ रस्त्यावर

मिस्त्री ट्रकच्या पुढच्या चाकांपाशी गोणपाट अंथरत होता, तेवढ्यात घराची खिडकी आतून बंद झाली. त्यानं मान वर करून पाहिलं.

"राहू दे," त्याची बहीण म्हणाली. "ट्रक अंगणात आणून टाकल्यापासून आई ती खिडकी उघडी ठेवत नाहीत."

आई म्हणजे तिची सासू. मिस्त्रीनं चाकांमागे दगड लावले, दोनदा ढकलून पाहिले आणि पाठ टेकवून गाडीखाली सरकला.

ट्रक जुना होता. लष्करानं लिलावात काढलेला, चारही चाकांना जोर देणारा, दगडधोंड्यांतून चढणारा. त्याचे दाजी, म्हणजे या बहिणीचा नवरा, त्या ट्रकमधून डोंगरावरच्या मोबाइल टॉवरना डिझेलची पिंपं पोचवायचे. दुसरी गाडी जिथे अर्ध्यातून मागे फिरायची तिथे दाजी चढायचे. आणि गेले ते मात्र डोंगरावर नाही. पिंपं उतरवून, कच्चा रस्ता संपवून, खाली डांबरी रस्त्याला लागल्यावर गेले. भर दुपारी, कोरड्या सरळ रस्त्यावर, समोरून कुणी येत नसताना ट्रक रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर आदळला आणि खाली नाल्यात गेला.

दाजी पूर्वी प्यायचे. तेव्हा पहिले दोन दिवस सगळे तेच बोलत होते. मग डॉक्टरांनी सांगितलं की पोटात दारूचा थेंबही नव्हता, आणि लोकांनी आवाज खाली आणला. अलीकडे गप्पगप्पच असायचे, कुणात मिसळायचे नाहीत, असं एकानं म्हटलं. दुसऱ्यानं त्यात भर घातली. बहीण दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. मुद्दाम घातली गाडी, एवढे तीन शब्द तिच्यासमोर कुणीच उच्चारले नाहीत, पण तिला ते जिकडेतिकडे ऐकू यायला लागले. सासूनं तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं सोडलं.

शेवटी तिनं भावाला फोन केला. दुसऱ्या शहरात त्याचं छोटं गॅरेज होतं. एक्सल, चाकं आणि स्टिअरिंग, एवढंच काम तो आयुष्यभर करत आला होता. फोनवर ती रडली नाही.

"दादा, गाडीनं केलं की यांनी केलं, एवढं मला बघून सांग. जे असेल ते सांग. माझ्यासाठी गोड करून सांगू नकोस."

मोडलेल्या गाड्या मिस्त्रीनं खंडीभर पाहिल्या होत्या. त्यांचं त्याला काही वाटत नसे. पण इथे केबिनमध्ये सीटच्या मागे दाजींचा सदरा अजून खिळ्याला लटकत होता, आणि तिकडे पाहायचं नाही असं त्यानं आल्याआल्याच ठरवून टाकलं होतं.

तो नेहमीच्या क्रमानं गेला. आधी टायर. झीज दोन्हीकडे सारखी होती. मग चाकांचे बेअरिंग. मग चाक वरखाली धरून हलवून पाहिलं, चाकं ज्यांवर वळतात ते किंग पिन घट्ट होते. दोन चाकांना जोडणारा टाय रॉड एका टोकाला तुटलेला होता. ते पाहताच त्याला वाटलं, सापडलं. त्यानं तुटलेलं टोक फडक्यानं पुसून उजेडात धरलं. जुनी चीर असती तर आत गंज दिसला असता. इथे सगळा भाग करडा, खरखरीत, ताजा होता. म्हणजे तो आदळल्यावर तुटला होता, आदळण्याआधी नाही.

जिथे हात लावावा तिथे ग्रीस ताजं होतं. नटबोल्ट स्वच्छ. दाजी गाडीला जपत होते, आणि मिस्त्री जसजसा आत जात होता तसतसं ते जपणंच त्याच्या अंगावर यायला लागलं. गाडीत काहीच नसेल तर मग काय उरतं?

बहिणीनं चहा आणून चाकाशेजारी ठेवला होता. तो गार झाला. बाजूला उभी राहून ती फक्त त्याच्या पायांकडे बघत होती.

"छोटी," तो खालून म्हणाला. "जरा केबिनमध्ये चढशील? एक माणूस वर लागतो."

ती थोडा वेळ हलली नाही. मग तिचे पाय त्याच्या नजरेआड झाले आणि डोक्यावरचा पत्रा करकरला. डावी बाजू चेपली होती, पण ड्रायव्हरची जागा शाबूत होती. ती नवऱ्याच्या सीटवर बसली.

"स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. जोरात नको. फक्त हलवत राहा."

टाय रॉड तुटला असला तरी एका चाकापर्यंत जोर पोचत होता. ती हलवत राहिली. मिस्त्री बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा पाहत गेला, बोटं ठेवून. काही नाही. काही नाही. मग कुठूनतरी बारीक आवाज आला, टक, टक, स्टिअरिंगच्या प्रत्येक हेलकाव्याला एक. एक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून त्याला चॅसिसशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, बांधून ठेवणारा एक आडवा रॉड असतो. आवाज त्या रॉडच्या टोकाशी होता. बोल्ट जागचा हलत होता. जो बोल्ट मुळीच हलायला नको तो.

"थांब," तो म्हणाला. "उतर खाली."

बोल्ट काढायला वेळ लागला. निघाल्यावर भोक दिसलं. गोल राहिलं नव्हतं, घासून घासून अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि त्याच्या कडेला तडा होता, अर्धा गंजलेला. जुना. अशी गाडी रोज चालत राहते. मग एखाद्या दिवशी उतारावर, रिकामी असताना, वेगात बारीकसा खड्डा लागतो, आणि पुढचा एक्सल थरथरायला लागतो तो थांबत नाही. स्टिअरिंग हातातून हिसकावलं जातं. कितीही घट्ट धरलं तरी उपयोग नसतो.

बोल्टाबरोबर आणखी काहीतरी खाली पडलं. मिस्त्रीनं ते उचललं आणि गाडीखालून बाहेर आला. पातळ पत्र्याची पट्टी होती, कात्रीनं कापलेली, गोल वाकवलेली, मोठ्या झालेल्या भोकात बोल्ट घट्ट बसावा म्हणून आत सरकवलेली. ग्रीस पुसल्यावर त्यावर निळा रंग दिसला, आणि पांढऱ्या फुलाची अर्धी पाकळी.

बहिणीनं ती त्याच्या हातातून घेतली.

"साखरेच्या डब्याचं झाकण," ती म्हणाली. "मी घर पालथं घातलं होतं याच्यासाठी."

त्यानं तिला भोक दाखवलं, तडा दाखवला, चाक कसं थरथरतं ते दोन्ही हातांनी करून दाखवलं. मग म्हणाला, "जीव द्यायला निघालेला माणूस झाकण कापून बोल्टाला बसवत नाही, छोटी. दाजींना घरी यायचं होतं. गाडीनं केलं हे."

तिचा चेहरा आता सैल पडेल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"ते सांगत होते मला," ती म्हणाली. "स्टिअरिंग हातात नाचतं म्हणायचे. एकदा नाही, कितीतरी वेळा."

"मग?"

"मी म्हणाले, स्टिअरिंग नाचत नाही, तुमचे हात नाचतात. चोरून पिताय पुन्हा. आईंच्या समोर म्हणाले मी हे. गाडी तुझ्याकडे आणून दाखवतो म्हणाले, तर मी म्हटलं, निदान दादापुढे तरी शोभा करून घेऊ नका." ती पट्टी बोटांत फिरवत होती. "त्यानंतर ते काही बोललेच नाहीत. गाडीचंही नाही आणि दुसरंही नाही."

मिस्त्रीनं फडक्यानं हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"त्यांनी तुझ्याकडे आणली असती तर सापडलं असतं?"

त्यानं मान वळवली. पण फोनवरचं तिचं बोलणं त्याच्या कानात होतं.

"सापडलं असतं."

"मोठं काम होतं?"

"नाही," तो म्हणाला. "वेल्डिंग करून नवीन भोक पाडायचं. अर्ध्या दिवसाचं काम."

तिनं मान हलवली, जशी एखाद्या गिऱ्हाईकानं हलवावी. मग ती घराकडे चालू लागली. मिस्त्री मागून गेला. घरात मी सांगतो, असं तो दारात म्हणाला. भोकाचं आणि तड्याचं सांगू, बाकीचं कशाला, असंही हळूच म्हणाला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

सासू भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. बहीण पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि सगळं सांगितलं. आधी ट्रकचं, मग झाकणाचं. मग म्हणाली, "त्यांनी मुद्दाम नाही केलं. आणि दारूही सुटलीच होती. मी तुमच्यासमोर बोलले ते खोटं होतं."

म्हातारी भिंतीकडून वळली. मग कोपरावर जोर देत उठली आणि हात पुढे केला. बहिणीनं पट्टी तिच्या तळव्यावर ठेवली. म्हातारीनं कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कड बोचू नये म्हणून ती कुणीतरी कानशीनं घासून गुळगुळीत केली होती.

"लहानपणापासून असंच," ती म्हणाली. "मोडलं की आधी स्वतःच बसायचा घेऊन."

तिनं पाय जवळ ओढले आणि पलंगाच्या कडेला एका माणसाची जागा केली. बहीण तिकडे बघत राहिली. मिस्त्री दारातून बाहेर पडला तेव्हाही ती उभीच होती.