सिस्टरचे सात प्रश्न

स्ट्रेस टेस्टच्या खोलीतल्या सिस्टरच्या सात प्रश्नांना अख्खं हॉस्पिटल वैतागलेलं होतं. काय खाल्लं, कधी खाल्लं, चालताना धाप लागते का, गुडघे कसे आहेत, असं करत करत ती शेवटच्या प्रश्नावर यायची: नाडी संथ ठेवणारी गोळी दोन दिवस बंद आहे ना? हा प्रश्न ती दोनदा विचारायची, एकदा पेशंटला आणि एकदा सोबत आलेल्या माणसाला. ती गोळी पोटात असली की माणूस मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर कितीही पळो, नाडी म्हणावी तशी चढत नाही, हृदयाचं दुखणं दडून बसतं आणि कागदावर सगळं छान छान उमटतं. एकदा एक निवृत्त न्यायाधीश चिडले होते, “उलटतपासणी घेताय का माझी?” “हो,” सिस्टर म्हणाली होती, “आणि साक्षीदार बाहेर बसलेत, त्यांनाही बोलावणार आहे.” बावीस वर्षांत या बाबतीत तिने कुणाचा मुलाहिजा ठेवला नव्हता.

त्या मंगळवारी पट्ट्यावर चढायला तिचा थोरला भाऊ आला. वय त्रेपन्न, पोट सुटलेलं, आणि महिनाभर जिना चढताना छाती भरून येत होती. आज येतो, उद्या येतो करत त्याने टाळाटाळ चालवली होती. तिनेच हात धुऊन मागे लागून त्याला आणलं. छातीवर ती वायरींच्या चकत्या चिकटवायला लागली तसा तो लाजला, आणि लाज झाकायला बडबडू लागला.

“चिमणे, लहानपणी मी तुझा शेंबूड पुसायचो. आता तू माझ्या छातीवरचे केस भादरतेस. झाली फिटंफाट.”

“गप्प बस रे दादा, नाडी वाढेल.”

दोघं खो खो हसली. हसता हसता तिने फॉर्म भरून टाकला. सख्ख्या भावाला काय विचारायचं? त्याचं वजन तिला ठाऊक, गुडघे ठाऊक, सकाळी दोन कप चहा लागतो हेही ठाऊक. गोळीपुढे तिने ‘बंद’ लिहिलं आणि खाली सही केली. रविवारी फोनवर तिनेच त्याला बजावलं होतं, आणि तो “हो गं बाई” म्हणाला होता.

पण दादा सगळ्यालाच “हो गं बाई” म्हणायचा. गेली दहा वर्षं वहिनी रोज सकाळी त्याच्या तळहातावर त्या गोळीसकट सगळ्या गोळ्या ठेवत होत्या आणि तो न बघता गिळत होता. कुठली गोळी कशाची, हे त्याच्या गावीही नव्हतं. बहिणीला हे चांगलं माहीत होतं. आणि वहिनी तर दाराबाहेरच्या बाकावर मांडीवर त्याचा शर्ट घेऊन बसल्या होत्या, जेमतेम दहा पावलांवर.

पट्टा सुरू झाला. तिसऱ्या टप्प्यात दादाच्या तोंडाला फेस आला. नाडी एकशे बेचाळीसला जायला हवी होती, ती एकशे अठ्ठावीसवर घुटमळली. “पाय संपले गं,” तो म्हणाला, “छातीत मात्र काही नाही.” पट्टा थांबवावा लागला. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “गोळी बंद होती ना?”

“होती,” ती म्हणाली. ती सांगते म्हणजे तसंच असणार, हे डॉक्टरांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

“मग नुसता व्यायाम नाही, दुसरं काय! रेषा स्वच्छ आहेत. दोन महिन्यांनी पुन्हा बघू.”

नवव्या दिवशी सकाळी दादा बुटाची नाडी बांधायला वाकला तो परत उठलाच नाही.

तो गेल्याच्या चौथ्या दिवशी ती त्याच्या घरी बसली होती. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली होती. वहिनी स्वयंपाकघरातून एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. टेस्टआधीच्या सूचनांचा होता, हॉस्पिटलातूनच दिलेला.

“वन्सं, हा त्यांच्या खिशात सापडला.” वहिनींचा आवाज रडून रडून बसला होता. “दोन दिवस गोळी देऊ नका, असं लिहिलंय यात. मला कुणी दाखवलाच नाही हो. मी त्या दिवशीसुद्धा दिली. कधी चुकवली नाही ना, म्हणून तेव्हाही दिली. औषधांच्या दुकानात असणाऱ्या माझ्या भावाला विचारलं, तर तो म्हणाला, गोळीमुळेच टेस्ट फसली. म्हणजे मीच मारलं ना त्यांना?”

गोळी बंद नव्हती, हे सिस्टरला आत्ता कळत होतं. गप्प राहणं किती सोपं होतं! हॉस्पिटलात कुणी विचारणार नव्हतं, फॉर्म कपाटात गेला होता. नुसतं “नाही हो वहिनी, नशीब” म्हटलं असतं तरी भागलं असतं. वहिनींनी ते ऐकलं असतं आणि जन्मभर स्वतःलाच खात बसल्या असत्या. तिला स्वतःची शिसारी आली, कारण क्षणभर तो शब्द तिच्या ओठांवर खरंच आला होता.

“तुम्ही नाही वहिनी. गोळी घेतली का, हे विचारायचं काम माझं होतं. तसा फॉर्मच आहे. मी न विचारताच ‘बंद’ लिहिलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी ‘बंद होती’ असंच म्हणाले. गोळी चालू आहे हे कळलं असतं, तर त्यांनी ती टेस्ट धरलीच नसती. गोळी दोन दिवस बंद करून पुन्हा केली असती.”

वहिनींनी हातातल्या कागदाची पुन्हा घडी घातली.

“मी बाहेरच बसले होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“सगळ्यांना विचारता ना तुम्ही? ते कौतुकानं सांगायचे, आमची चिमणी न्यायाधीशालाही सोडत नाही म्हणून.”

“हो.”

“मग त्यांना का नाही विचारलंत?”

उत्तर एकच होतं आणि ते द्यायची तिला लाज वाटत होती. तरी तिने ते दिलं.

“दादा होता म्हणून.”