टेकडीवर भेटीचा सूर

"आधी रडून घे, बाई. बोलणं मंग."

रुक्माबाईच्या याडीचा, म्हणजे आईचा, हा लहानपणी ऐकलेला आवाज. बंजारा तांड्यात दोघी बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून रडण्याचा सूर धरायच्या. तो ओसरला की मगच खुशाली.

१९६८ साली यवतमाळजवळच्या टेकडीवर टेलिफोनचे आवाज पुढं धाडणारं मायक्रोवेव्हचं ठाणं उभं राहिलं. रुक्माबाईचा नवरा देवसिंग तिथं चौकीदार. लेक हंसा आईशी भांडून नागपूरला नर्सिंग शिकायला गेलेली. 'याडी सोता बोलावंल तवाच येईन,' हा तिचा निरोप. आणि तेवढं एक रुक्माबाईच्या तोंडून निघत नव्हतं.

त्या सकाळी कय्युम मेकॅनिकनं मशीनमध्ये नवी ट्यूब बसवली. काचेची लांब नळी, आत बारीक तारेची वेटोळी.

"नागपूरहून येता येता आवाज दमते, भाभी. ह्या वेटोळ्याजवळून गेला का पुन्हा जोर धरते. पण ट्यूब आधी तापू द्या लागते. घाई केली का जळते."

तपासणीला कोणीतरी बोलायला हवंच होतं. कय्युमनं हंसाला नागपूरच्या ठाण्यात बोलावून ठेवलं होतं. ट्यूब तापली. रुक्माबाईनं रिसीव्हर धरला. मशीनच्या भोंग्यातून "याडी!" आलं, इतकं जवळून की तिनं मागं वळून पाहिलं. आणि तिनं सूर धरला. उंच, लांब, पळसाच्या रानावरून जाणारा.

भोंग्यात नागपूरच्या ठाण्यातले साहेब, रामराव, ओरडले, "कय्युम, तुही ट्यूब कोकलून राह्यली! बंद कर!"

कय्युम रिसीव्हरशी वाकला. "ट्यूब नोहे साहेब, भाभी हायेत."

"रडून काहून राह्यल्या? कोणी गेलं का?"

"कोणी नाही गेलं. भेटून राह्यल्या. जरा दम धरा."

पलीकडून हंसानंही सूर मिळवला. दाराशी देवसिंग डोळे पुसत हसला, "मायलेकी भिजवतात आता सरकारी मशीन."

हळूहळू सूर उतरला. मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी उरली.

"याडी, बोल ना."

"जेवली का?"

"जेवली."

"थंडी हाये का तिकडं?"

"याडी!"

रुक्माबाईनं दातांत धरलेला पदर सोडला. "तुह्या शिकण्याचा राग नव्हता मले, बाई. तुह्याबिगर घर खायले उठते. ये घरी."