दरीतली शेळी

बसमधून उतरल्या उतरल्या वन्संनी गावाकडे एकदा नजर टाकली आणि निकाल दिला, "एवढंच?"

वन्संचं सगळं आयुष्य वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेलेलं. निवृत्त झाल्या तरी कुठलीही गोष्ट समोर आली की ती भरते किती, हे त्या आधी बघत. गाव खरोखरच एवढंसं होतं. जुना हमरस्ता एका टोकाने आत शिरायचा, दुसऱ्या टोकाने निघून जायचा, आणि मधे त्याच्या अंगाला जे काही चिकटून राहिलं होतं त्याला गाव म्हणायचं. नवा रस्ता डोंगरापलीकडून गेला तेव्हा ट्रक गेले, ट्रकांमागोमाग पंक्चरवाले गेले, आणि ज्या गोष्टी पाडायलाही कुणाला सवड झाली नाही त्या ऐतिहासिक ठरल्या. बंद पडलेला पेट्रोलपंप ऐतिहासिक होता. त्याच्यावर तशी पाटीच होती. समोरच्या बाकावर एक म्हातारा झोपला होता, त्याच्यावर पाटी नव्हती. पण तो विषय ग्रामपंचायतीच्या विचाराधीन असावा.

वहिनी मात्र रस्त्यातच थबकल्या. दुपारचं ऊन सायीसारखं सगळ्यावर पसरलं होतं. दुकानांची दारं अर्धी मिटलेली, जणू गावाची पापणी जड झाली होती. याच रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याने तीस वर्षं ट्रक चालवला, याच गावात मुक्काम केला. तासाभरावर जगप्रसिद्ध दरी. घरी आले की ते दरीबद्दल सांगायचे. तसा माणूस अबोल. मीठ कमी पडलं तर तेही दुसऱ्या दिवशी सांगणारा. पण दरीचं नाव काढलं की त्यांना वाचा फुटायची. वहिनींनी विचारावं आणि त्यांनी सांगावं, असा त्या दोघांचा संसार झाला होता.

ते गेले. भेटायला आलेला त्यांचा ट्रकवरचा जुना जोडीदार चहाचा कप खाली ठेवता ठेवता सहज म्हणाला, "दरीवर? तो कुठला जातोय! गाडी सोडून शंभर पावलं हलायचा नाही." बोलून तो आपल्या घरी गेला. वहिनींना मात्र त्या दिवसापासून झोप नव्हती. ती दरी खोटी निघाली, तर नवऱ्याच्या बोलण्यातलं मागे राहतंच काय? मिठाबद्दलचं तेवढं.

म्हणून हा प्रवास. वन्सं सोबतीला आल्या होत्या, पण सोबतीपेक्षा तपासणीलाच जास्त.

"आधी पोटात काहीतरी घालू," वन्सं म्हणाल्या. "उपाशीपोटी माप चुकतं."

खानावळ म्हणजे एक लांबट खोली होती. एका बाजूला वाफाळणारी भांडी, दुसऱ्या बाजूला बाकं, आणि टोकाला खिडकी. वहिनी कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या, पदराने घाम टिपला आणि मान वर केली.

समोरच्या भिंतीवर दरी होती.

भिंतभर, निळी. इतकी निळी की खोलीतली वाफही निळसर दिसत होती. तळाशी नदी. काठावर एक वाकडं झाड. लाल छपराचं एकच घर, त्याच्या खिडकीत पिवळा दिवा. आणि मधल्या कड्यावर, जिथे मुंगीलाही उभं राहता येणार नाही अशा जागी, एक पांढरी शेळी. तिचा एक कान काळा होता.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "ही यांची दरी."

"म्हणजे काय?"

"झाड बघा. घर बघा. दिवा लागतो म्हणायचे संध्याकाळी. शेळीचा कान बघा ना."

वन्संनी चष्मा पुसून पुन्हा लावला. भिंतीची वरपासून खालपर्यंत तपासणी केली आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता म्हणाल्या, "म्हणजे दादा या बाकावर बसून जेवला आणि घरी येऊन भिंत सांगितली. तीस वर्षं."

 ताट आलं, त्यातली वाफ वर गेली आणि नदीत मिसळली. वहिनी भात नुसताच चिवडत राहिल्या.

खानावळीची मालकीण लांबून हे बघत होती. जाडजूड, प्रसन्न बाई. पाहुण्याने ताटात काही टाकलं तर तिला तो स्वतःचा अपमान वाटे. ती हात पुसत आली. "काय हो, तिखट झालं का?"

"नाही. आमचे हे इथं जेवायला यायचे. ट्रक होता त्यांचा."

"कोण? इथं छप्पन ट्रकवाले यायचे."

"फार हळू चालवायचे."

मालकिणीने तोंडावर हात ठेवला. "सावकाश! अहो, सावकाशची बायको? म्हणजे तुम्ही विचारणारी!" आणि तिने आतल्या दाराकडे तोंड करून हाक दिली, "पेंटर, अहो पेंटर! बाहेर या! विचारणारी आलीय!"

आतून एक किडकिडीत म्हातारा शर्टाची बटणं लावत आला आणि वहिनींकडे डोळे विस्फारून पाहू लागला, जणू त्याचंच एखादं चित्र चालत दारात आलं होतं.

"विचारणारी म्हणजे?" वन्संनी विचारलं.

"सांगते की. ही भिंत होती कोरी. रस्त्याच्या पाट्यांचा निळा रंग उरला होता, तो यांनी फासला, दोन उभ्या रेघा ओढल्या आणि म्हणाले, ही दरी. आम्ही म्हटलं, असेल. बघितलीय कुणी?"

"तुम्ही बघितली नाहीत?" वन्सं ताठ बसल्या.

"इथंच तर आहे, कधीही जाऊ," मालकीण म्हणाली. गावातल्या कुणीही दरी पाहिली नव्हती, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. "तर एकदा सावकाश आले आणि म्हणाले, पेंटर, खाली पाणी काढ. का? तर म्हणे, बायकोनं विचारलं पाणी आहे का, मी आहे म्हणून बसलोय. पुढच्या खेपेला झाड. मग घर. एकदा तर नुसता दिवा काढायला थांबले."

"मी म्हणायचो," पेंटरचा आवाज सुकलेल्या ब्रशसारखा होता, "सावकाश, बायको काय बघायला येणार आहे? तर म्हणायचे, तसं नाही रे. एकदा बोललो ना, मग ते कुठंतरी असायला पाहिजे."

वहिनींचा हात ताटातच राहिला.

"आणि शेळी?" त्यांनी विचारलं.

"शेळीच्या वेळी मी तापाने फणफणलो होतो. म्हटलं, पुढच्या खेपेला काढू. ऐकेनात. शिडी स्वतः धरून उभे राहिले. कान काळा करून होईपर्यंत ट्रक हलवला नाही."

वहिनींना ती खेप आठवली. ते उशिरा आले होते, म्हणून त्या जेवायला वाढून न बोलता आत निघून गेल्या होत्या. पहिल्या बाळंतपणाआधीचे दिवस. त्याच्या आधीच्या मुक्कामात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं होतं, एवढ्या मोठ्या दरीत एखादं जनावर तरी असेल ना? काळोखात त्यांनी दोनदा कूस बदलली. मग उत्तर आलं होतं, "शेळी आहे."

त्या जेवल्या. अगदी ताट पुसून जेवल्या. मालकिणीचा जीव भांड्यात पडला.

बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेळी गावभर होती. लॉजच्या पाटीवर, चहाच्या कपांवर, औषधांच्या दुकानाच्या शटरवर. सगळ्यांनी भिंतीवरून उचलली होती. वन्सं प्रत्येक शेळीपुढे क्षणभर थांबत आणि काहीही न बोलता पुढे जात. एवढा वेळ गप्प राहिलेल्या वन्सं वहिनींनी याआधी पाहिल्या नव्हत्या.

सकाळी जीपने दोघींना दरीवर नेलं.

दरी निळी नव्हती. ती गंजाच्या, राखेच्या, जुन्या विटांच्या रंगाची होती, आणि त्यातला एकही रंग जागेवर राहत नव्हता. ढगांच्या सावल्या त्यांना घेऊन इकडून तिकडे हिंडत होत्या. खाली कुठेतरी नदी असेल, दिसत नव्हती. झाड नव्हतं. घर नव्हतं. दरी इतकी मोठी होती की तिच्याबद्दल काही विचारायचं सुचत नव्हतं. वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आपण जाग्या आहोत की कुणीतरी सांगत असलेलं ऐकतो आहोत, हे त्यांना नीटसं कळेना.

शेजारी एक पर्यटक दुर्बीण लावून कधीपासून कडे धुंडाळत होता. त्याने वन्संना विचारलं, "तुम्हाला दिसली का हो शेळी?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "इथं शेळी नाही." आणि त्या माणसाचा चेहरा पडला तरी त्यांनी त्यात एक गुंजही कमी-जास्त केली नाही.

परतीची बस दुपारी होती. त्या खानावळीत शिरल्या, तर आत गाव जमलेलं. मालकीण होती, पेंटर होता, औषधवाला होता, बाकावरचा म्हाताराही जागा होऊन आला होता. दरी बघून लोक परस्पर नव्या रस्त्याने निघून जात. परत येऊन सांगणारं असं कुणी गावाला कधी मिळालंच नव्हतं.

"कशी आहे?" मालकिणीने विचारलं.

 पेंटर भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभा होता. निकाल ऐकायला उभं राहावं तसा.

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. नदी, झाड, घर, दिवा. त्यांचे स्वतःचेच प्रश्न, एकाखाली एक, निळ्या रंगात उभे होते.

"अगदी अशीच," त्या म्हणाल्या.

खोलीने एकदम श्वास सोडला. पेंटरचे खांदे खाली आले. आणि मग वहिनींना काय झालं कोण जाणे. जन्मभर विचारणारी बाई, पहिल्यांदाच सांगायला लागली. "फक्त, शेळ्या दोन आहेत."

"दोन?" पेंटर दचकला.

आता सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं. त्या निरीक्षक होत्या हे गावभर झालं होतं. वहिनींची त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. या बाईने स्वतःच्या सख्ख्या मामाचा तराजू जप्त केला होता.

वन्संनी चष्मा काढला. पुसला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुन्हा पुसला.

"दोन नाहीत," त्या म्हणाल्या.

खोलीतली वाफसुद्धा थांबली.

"तीन आहेत. मी मोजल्यात. तिसरी झाडामागे होती, वहिनींच्या उंचीवरून दिसली नसेल."

पेंटरने वळून झाडाकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि अंगठ्याने हवेत माप घेतलं. "झाडामागे म्हणजे नुसती शिंगं दाखवावी लागतील."

"शिंगं नकोत," वन्सं म्हणाल्या. "करडू होतं."