चढावरची गाडी
दवाखान्यातल्या नर्सबाईंची नवी गाडी चढावर गचके खात बंद पडायची. वॉरंटीत चार वेळा दुरुस्तीला दिली. चारही वेळा ती नुसती धुऊनपुसून परत आली. "दोष सापडत नाही, ताई. तुम्हीच क्लच नीट दाबत नसाल," सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर म्हणाला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. "मग तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

त्याने मीटिंगचं निमित्त सांगितलं. बाई खुर्चीत ठाण मांडून बसल्या. तासाभराने तो वैतागून किल्ली घेऊन उठला.

पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडीने दोन गचके दिले आणि मान टाकली. मागे हॉर्न वाजू लागले. मॅनेजरने पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. त्याला घाम फुटला.

"आता क्लच कोण दाबत होतं?" बाईंनी विचारलं.

तो ओशाळला. "इंधनाचा पंप गेलेला दिसतोय. वॉरंटीतच बदलून देतो, ताई."

"तसं लिहून द्या," म्हणत बाईंनी पर्समधून पेन काढलं.

आठवड्याभरात नवा पंप बसला. बाई त्याच चढावरून न थांबता ड्यूटीवर गेल्या.